गोजराईची काहील

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या पणज्याच्या पणज्याला मिसरूड फुटायच्याही आधी, बोरगव्हाणात देशमुखाची गढी होती. देशमुख एवढा संशयी, की स्वतःच्या सावलीलाही विचारायचा, "कुठं निघालीस?" त्यानं गढीभोवती गोल खंदक खणला, पाणी सोडलं, आणि पूल मात्र बांधला नाही. पूल म्हणजे चोराला पायघड्या, म्हणायचा. खंदकात गाळ असा, की घोडा कानापर्यंत रुतायचा. जायचं-यायचं ते गोजराईच्या काहिलीतूनच.

काहील म्हणजे गूळ रटरटतो ती अवाढव्य कढई. गोजरा भोईण ती पाण्यात सोडायची नि बांबूनं रेटायची. काहिलीला ना नाक ना शेपूट, ती आपली गरगर फिरायची. काहिलीला कुणी नाव ठेवलं, की बाई त्याला दोन गिरक्या जास्त द्यायची. एकदा खुद्द देशमुख "डबडं" म्हणाला, तर तीन दिवस भिंती धरून चालत होता, असं म्हणतात.

एका चैत्रात भर दुपारी चाळीस लुटारू आले. बाप्ये रानात गेलेले. गढीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साऱ्या गावाचं ज्वारीचं बियाणं. ते गेलं असतं, तर पेरायला मूठभर दाणा उरला नसता. आणि गोजराई बाहेरच्या काठावर एकटी! भीतीनं बांबूच कवटाळला तिनं.

म्होरक्यानं तलवार उपसली. "म्हातारे, पलीकडं ने, नाहीतर मुंडकं उडवीन! आणि हे काय, या डबड्यात बसायचं?"

झालं! भीती गेली कुठल्या कुठं.

"नेते की दादा. पण खेपेला एकच माणूस. आणि लोखंड ठेवा काठावर, माझ्या डबड्याला भार सोसत नाही."

बसला म्होरक्या. गोजराईनं अशी गिरकी दिली, की त्याच्या मिशीचा पीळ सुटला. आभाळ खाली, पाणी वर! फिरवत फिरवत तिनं त्याला गढीच्या मागं नेलं आणि परत बाहेरच्याच काठावर उतरवलं. तिथं गावाचा उकिरडा होता. गढी मधे, त्यामुळं पुढच्यांना मागचं काही दिसेना.

"आली गढी. पेव याच्याच खाली, उकरा."

"वास कसला गं?"

"पेव उघडलं की येतोच."

अशा चाळीस खेपा केल्या बाईनं. दिवस कलता डोकी ठिकाणावर आली, तेव्हा सगळे कमरेपर्यंत शेणात होते आणि त्यांच्याच तलवारी घेऊन गावच्या बाया भोवती उभ्या होत्या.

"उकरलंय, तर आता पसरा," गोजराई म्हणाली.

लुटारूंनी साऱ्या शिवारात खत टाकलं. त्या साली कणसं उतरवायला शिडी लागली, असं म्हणतात.

देशमुखाला भरून आलं. "गोजरे, तुझ्या नावानं पूल बांधतो!"

"आणि मी काय त्याच्यावर बसून शेंगा फोडू?"

पूल राहिला तो राहिलाच.

आता गढीचा नुसता पांढऱ्या मातीचा ढीग उरलाय. खंदक बुजून बुजून हातभर खोल राहिलाय, त्यात शेरडं चरतात. पण बोरगव्हाणात नवरदेव आला, की त्याला आधी काहिलीत बसवतात. बाया "गोजराई, खेप आली गं!" म्हणत काहील खंदकातून ओढतात, गरगर फिरवतात, आणि त्याला उतरवून विचारतात, "गढी कुठाय?" बरोबर दाखवली तर थेट मांडवात. चुकला तर आधी पाच पाट्या खत शेतात टाकायचं.

आजवर एकाही नवरदेवाला गढी दाखवता आलेली नाही. बोरगव्हाणची ज्वारी पंचक्रोशीत सरस येते, ती काय उगाच?