साखळी तुटली तेव्हा

प्रवरेच्या काठी उंबरगव्हाण नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या मागच्या खोलीत एलियाबाबा राहत असत. एक घोंगडी, एक तांब्या आणि पानं झिजलेलं बायबल, एवढाच त्यांचा संसार. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की बाबा आधी त्याला ओसरीवर बसवीत, पाणी देत आणि म्हणत, "खांदे खाली सोड बाळा. आवळलेल्या मनाला देवाचा शब्द ऐकू येत नाही." पुष्कळांना हे फार सोपं वाटे, म्हणूनच पटत नसे.

सगळ्यांत कमी पटे ते जखऱ्या पंचांना. मंडळीतले मोठे मानकरी, आणि आवाज असा, की त्यांनी प्रार्थना सुरू केली की नदीपलीकडची गुरं माना वर करीत. उंबरगव्हाणात साखळी प्रार्थनेची रीत होती. संकट आलं, की एकाचा आवाज थांबायच्या आत दुसऱ्यानं उचलायचा, मध्ये श्वासाचीही फट पडू द्यायची नाही. साखळी तुटली की मागणं तुटलं, अशी सगळ्यांची समजूत. अकरा वर्षांत जखऱ्यांनी एकही साखळी तुटू दिली नव्हती, आणि हे ते स्वतःच सांगत, बरं का.

त्याच मंडळीत सलोमी नावाची सुईण होती. उपासनेला ती मागच्या कोपऱ्यात हात मांडीवर सैल टाकून, डोळे मिटून बसे. ना हुंकार, ना आमेन. सलोमीबाईंना देवाच्या घरात फार गाढ झोप लागते, असं जखऱ्या भर सभेत म्हणायचे. लोक हसत. सलोमीही हसे आणि पुन्हा डोळे मिटून घेई.

त्या वर्षी चैत्रात चर्चच्या आवारात विहीर खणायला घेतली. जखऱ्यांचा एकुलता एक मुलगा रूबेन पहार घेऊन सगळ्यांच्या आधी खाली उतरायचा. एका सकाळी धाडकन आवाज झाला. विहिरीची एक बाजू कोसळली, धुळीचा लोट उठला आणि रूबेन दिसेनासा झाला.

जखऱ्या धावत आले. त्यांनी तिथंच काठावर साखळी धरली. गडी खाली माती उपसत होते, सलोमी इतर बायांबरोबर पाट्या वाहत होती, आणि काठाशी चिंचेच्या सावलीत बसून मंडळी टाळ-ढोलकीच्या गजरात देवाला हाका मारीत होती. दुपार झाली. दोन पुरुष खोल माती निघाली, पण रूबेनचा पत्ता नव्हता.

उन्हं कलल्यावर बाबा परतले. शेजारच्या गावी एका आजाऱ्याकडे गेले होते. त्यांनी विहीर पाहिली, मंडळी पाहिली आणि जखऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून हे सगळं जरा थांबवायला सांगितलं.

जखऱ्या हादरलेच. "बाबा, साखळी तुटली तर माझा रूबेन जाईल!"

बाबा म्हणाले, "सकाळपासून तू देवाला सांगतोयस, जखऱ्या. त्याला काही सांगायचं असेल, तर त्यानं केव्हा सांगावं?"

जखऱ्यांनी मुठी आवळल्या. तेवढ्यात आधीच्या माणसाचं संपत आलं आणि पाळी त्यांचीच आली. त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसता वारा आला. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. मंडळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, कुणाला पुढं धरायचं सुचलं नाही, आणि साखळी तुटली. टाळ थांबले. आपल्याच तोंडानं आपण पोराला मारलं, असं जखऱ्यांना वाटलं.

सलोमीनं पाटी खाली ठेवली आणि त्यांच्या मुठी हातात घेतल्या. "दादा, कळा देणाऱ्या बाईला मी एकच सांगते, अंग सैल सोड, नाहीतर बाळ अडतं. मुठी उघडा. रूबेन माझ्याच हातांत जन्मला होता."

एकेक बोट तिनं सोडवलं. विहिरीतल्या गड्यांनीही उपसा थांबवला. बाबा मातीतच बसले, म्हणून सगळे बसले. पोटाला कान लावून बाळाची धुगधुग ऐकावी, तशी सलोमी डोळे मिटून राहिली. एक कावळा ओरडला, मग तोही गप्प झाला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "कुणीतरी ठोकतंय. तीनदा ठोकलं." तिनं बोट दाखवलं ते चिंचेखाली, जिथं दिवसभर ढोलकी घुमत होती तिथं.

दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. जखऱ्यांनी जमिनीला कान लावला, तरी काही नाही. बाईला डुलकी लागली असेल, असं कुणीतरी पुटपुटलं. जखऱ्या हसले नाहीत. ते नखांनी माती उकरू लागले, मग गडी धावले. हातभर मातीखाली दगडी फरशी लागली. आज्या-पणज्यांच्या काळी तोंड झाकलेली जुनी विहीर तिथं होती, आणि ते कुणाच्या ध्यानातही उरलं नव्हतं. मधली भिंत फुटून रूबेन तिच्या पोकळीत ढकलला गेला होता. फरशी सरकवली, तेव्हा तो गळ्यापर्यंत चिखलात रुतलेला दिसला. डोळे उघडे होते.

दोर टाकून त्याला बाहेर काढलं, पाणी पाजलं. तो बापाला म्हणाला, "आबा, मी सकाळी पहारीनं भिंत ठोकत होतो. तुमचा आवाज मला येत होता. वाटायचं, आता ऐकाल, आता ऐकाल."

जखऱ्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कसंबसं ते म्हणाले, की मघाचं तरी ऐकलं रे सलोमीबाईंनी, तू तीनदा ठोकलंस ते.

रूबेननं गोंधळून विचारलं, "मघा? दुपारीच चिखल चढला, पहार गेली, हात रुतले. त्यानंतर मी ठोकलंच नाही."

ढोलकीवाल्यानं ढोलकी हळूच मागं सरकवली. सलोमीनं बाबांकडं पाहिलं. बाबांचे डोळे भरून आले होते.

जखऱ्या बाबांच्या पायांवर कोसळले. बाबा बाजूला झाले आणि म्हणाले, "माझ्यापुढं नको. ऐकलं तिनं." तेव्हा पंचांनी सलोमीपुढं जमिनीला कपाळ टेकलं. ती बिचारी ओशाळली. पोराचं अंग गार पडलंय दादा, आधी त्याला घरी न्या, म्हणाली.

पुढच्या रविवारी उपासनेत प्रार्थनेची वेळ झाली, तशा सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेतल्या पंचांच्या जागेकडं वळल्या. जागा रिकामी होती. जखऱ्या मागच्या कोपऱ्यात सलोमीशेजारी बसले होते, हात मांडीवर उघडे टाकून. मंडळी वाट पाहत राहिली. पंच बोलले नाहीत.