आमसुलांशेजारची कॅसेट

एक गाव होतं. त्याला वेस नव्हती, पार नव्हता, पाणवठा नव्हता. ते फोनमध्ये वसलं होतं. त्यात त्र्याऐंशी माणसं राहत. कोणी नागपूरचं, कोणी मिरजेचं, कोणी वेंगुर्ल्याचं. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती. सगळे सुभद्राबाई हुपरीकरांच्या गाण्यावर जीव टाकत. बाईंना जाऊन तीस वर्षं उलटली होती. त्यांच्या मोजक्या तबकड्या आणि कॅसेटी या मंडळींनी देवासारख्या जपल्या होत्या.

सकाळी कोणीतरी बाईंचं एक पद ग्रुपवर टाकी. मग दिवसभर गाऱ्हाणी चालत.

"वरच्या मजल्यावरचे म्हणतात, तेच पद तिसऱ्यांदा लावलंत तर सोसायटीत तक्रार करू."

"मग चौथ्यांदा लावा. मनाई तिसऱ्यांदाची आहे."

"सूनबाईंनी माझ्या तबकडीवर गरम पातेलं ठेवलं हो!"

"कोणती तबकडी?"

"पातेलं काढल्याशिवाय कसं कळणार?"

अशी ती मंडळी होती. हसत, कुरकुरत, एकमेकांना धरून होती.

या गावाला एकच कायदा होता. तो केला होता निर्मला गजभिये यांनी. त्या नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होत्या आणि ग्रुप त्याच सांभाळत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. झालं होतं असं की अमरावतीच्या प्रफुल्ल मोहोडांचा रेकॉर्डप्लेअर एकदा खरखरू लागला. त्यांनी ग्रुपवर विचारलं. दिवसभरात एकोणतीस सल्ले आले. मोहोड सरळ स्वभावाचे. त्यांनी एकोणतीसही करून पाहिले. खरखर थांबली. गाणंही थांबलं, ते कायमचं.

तेव्हा सिस्टरांनी लिहिलं, "काय करून राहिले तुम्ही सगळे? आजपासून ज्याला सल्ला द्यायचा त्यानं आधी आपली फजिती सांगायची. ज्याला ठेच लागली नाही त्यानं रस्ता दाखवायचा नाही."

कायदा लागू झाला आणि सल्ले निम्म्यावर आले. हसणं मात्र दुप्पट झालं. मिरजेचे इकबाल मुल्ला टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. त्यांच्या फजित्यांना तर अंतच नव्हता. "एकदा उलटी फीत भरून गिऱ्हाइकाला दिली," ते सांगत. "गिऱ्हाईक आठ दिवस म्हणत होतं, बाई कर्नाटकी पण काय सुरेख गातात!"

एकच माणूस असा होता की त्याने कधी फजिती सांगितली नाही. ते म्हणजे नाशिकचे डॉ. भालचंद्र उपासनी. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. कोणतं पद कोणत्या साली, कोणत्या नाटकगृहात, साथीला कोण, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. काही अडलं की लोक म्हणत, "सरांना विचारा." कायदा झाल्यापासून सरांनी सल्ला देणं सोडलं. ते फक्त माहिती देत. लोकांना वाटे, एवढा शिकलेला माणूस, त्याच्या हातून चूक होतच नसेल.

सरांकडे एके काळी बाईंच्या अकोल्याच्या मैफलीची कॅसेट होती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. घर बदलताना ती गहाळ झाली, असं सरांनी सांगितलं होतं. दर पुण्यतिथीला ग्रुपवर तिची आठवण निघे. लोक हळहळत आणि सरांचं सांत्वन करत. सर हात जोडल्याचं चित्र पाठवत आणि त्या दिवशी पुढे काही लिहीत नसत.

एका मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या शेवंता तिरोडकरांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. शेवंताबाई खानावळ चालवत. त्यांचे यजमान बाबल तिरोडकर जत्रेत, लग्नात माइक लावत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. माळ्यावरच्या पेटीत, जुन्या वायरींखाली, शेवंताबाईंना एक कॅसेट सापडली होती. तिच्यावर बाबल यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सुभद्राबाई. जत्रा. शेवटची भैरवी.'

ग्रुपवर एकच कल्लोळ झाला. बाईंनी वेंगुर्ल्याच्या जत्रेनंतर पुन्हा गाणं केलं नाही, हे सर्वांना माहीत होतं. ती भैरवी कोणी ऐकलेली नव्हती.

शेवंताबाईंनी लिहिलं, "भैरवी तुमची. पण माइक सुरू करताना आमचे हे नेहमी दोन शब्द बोलायचे. माझ्या घोवाचो आवाज आसा त्यात. माझ्याकडे दुसरा नाही."

घोव म्हणजे नवरा, हे इकबालभाईंनी नागपूरकरांना सांगितलं. 

मग शेवंताबाईंनी कॅसेटचा जवळून काढलेला फोटो टाकला. आतल्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. कोकणातल्या दमट हवेने आपलं काम केलं होतं.

आनंदाच्या भरात त्या दिवशी गाव आपला कायदा विसरलं. फजिती कोणी सांगेना. सल्ले मात्र सरीवर सरी आले.

"तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा."

"मशीनमध्ये घालून दोनदा पुढे-मागे फिरवा, बुरशी झडते."

"ऊन दाखवा. उन्हानं बुरशी मरते." हे मोहोडांनी लिहिलं. त्याला लगेच चार जणांनी दुजोरा दिला.

इकबालभाई त्या वेळी दुकानात कोणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी पुढचं काही पाहिलं नाही. सिस्टर ड्यूटीवर गेल्या होत्या.

शेवंताबाईंना ऊन पटलं. कोकणात दमट झालेलं काहीही उन्हात टाकतात. त्यांनी लिहिलं, "गच्चीवर आमसुलं वाळत घातली आहेत. त्यांच्याच शेजारी ठेवते."

नाशिकला उपासनीसरांनी ते वाचलं. त्यांनी घाईघाईने लिहिलं, "उन्हात ठेवू नका."

"का हो सर? ऊन तर औषध आहे," मोहोड म्हणाले.

सरांनी कारण दिलं. उष्णतेने प्लास्टिकचे रेणू कसे वागतात, फितीवरचा चुंबकीय थर कशाने धरलेला असतो, सारं चौदा ओळींत लिहिलं. एकही अक्षर खोटं नव्हतं.

शेवंताबाईंचं उत्तर आलं. "सर, मला यातलं एक अक्षर कळलं नाही. चार जण म्हणतात ऊन दाखव. तुम्ही एकटे म्हणता नको. मी गच्चीवर उभी आहे. एवढंच सांगा, तुमच्या हातात कधी अशी कॅसेट आली होती का?"

प्रश्न सरळ होता. सरांनी फोन टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला.

आपण 'नको' म्हटलं आहे, सरांच्या मनात आलं. कारणही दिलं आहे. आता कॅसेट गेली तरी आपल्याला कोणी बोल लावणार नाही. उलट म्हणतील, सरांचं ऐकलं असतं तर! गप्प राहण्यात काहीच जात नव्हतं. बोलण्यात मात्र सगळं जाणार होतं. ज्या एका गावात आपल्याला मान आहे, तिथे उद्या आपण कोणत्या तोंडाने जायचं?

तिकडे एक बाई उन्हात हातात नवऱ्याचा आवाज घेऊन उभी होती.

सर लिहू लागले. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अखेर डोळे मिटून त्यांनी पाठवून दिलं.

"हो, आली होती. अकोल्याची. ती गहाळ झाली नाही. तिला बुरशी आली होती. मी ती मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवली. दोन तासांत डबी वाकडी झाली, फीत आक्रसली. तशीच मशीनमध्ये घातली, तिचे तुकडे झाले. तुकडेही मी फेकून दिले, कोणी पाहू नये म्हणून. इतकी वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. शेवंताबाई, कॅसेट खाली न्या."



पहिलं उत्तर शेवंताबाईंचं आलं. "खाली आणली. आमसुलं वर राहू देत."

मग मोहोड उसळले. "सर, दर पुण्यतिथीला आम्ही तुमचंच सांत्वन करत होतो!"

"हो," सरांनी लिहिलं. "ते सांत्वन मला दर वर्षी टोचत होतं. मला ग्रुपमधून काढलंत तरी माझी तक्रार नाही."

तेवढ्यात इकबालभाईंनी रेडिओ बंद करून फोन पाहिला. "काय वो सर! रसायनशास्त्राचे डॉक्टर तुम्ही, आन् फीत कुरडईगत वाळत घातली? कुरडई तरी तळून खाता आली असती!"

हसावं की रागवावं, हे क्षणभर कोणाला कळेना. मग सिस्टर ड्यूटीतून वेळ काढून आल्या. त्यांनी सगळं वाचलं आणि लिहिलं, "कोणाला काढायचं नाही. कायदा मी केला, पण आज तो एकट्या सरांनी पाळला. बाकीच्यांनी दोन दिवस गप्प बसायचं. मोहोडभाऊ, तुम्ही तीन."

सरांनी पुढे लिहिलं, "काय करू नये, तेवढं मला पक्कं ठाऊक आहे. काय करावं, ते इकबालभाईंना विचारा."

इकबालभाईंनी आधी आपल्या दोन फजित्या सांगितल्या आणि मग उपाय सांगितला. कॅसेट मशीनला लावायची नाही, फिरवायची नाही. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या गोळा करायच्या. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पुड्या आणि कॅसेट ठेवायची. डबा सावलीत ठेवायचा. तीन आठवडे झाकण उघडायचं नाही.

"तोवर मी येतो," ते म्हणाले. "ही असली कॅसेट पोस्टानं मागवायची माझी छाती नाही."

ठरल्या दिवशी सकाळी इकबालभाई वेंगुर्ल्याला उतरले. खानावळीच्या दारात आणखी एक म्हातारे गृहस्थ पिशवी छातीशी धरून उभे होते. आत जावं की परत फिरावं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"उपासनीसर?" इकबालभाईंनी विचारलं.

"हो. मी फक्त लांबून बघेन म्हणतो."

"लांबून बघायला नाशिक काय वाईट होतं? चला आत."

शेवंताबाईंनी दोघांना पाणी दिलं. डबा मधे ठेवला. इकबालभाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि डबीचे पाच स्क्रू काढले. मऊ ब्रशने बुरशी अलगद झाडली. फीत उचलून नव्या डबीत बसवली. मग खिशातून पेन्सिल काढली. आता फीत हाताने, एकेक वेढा सोडवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची होती. कुठे चिकटली असेल तर तिथे थांबायचं होतं. दोन तासांचं काम होतं.

शेवंताबाईंनी पेन्सिल इकबालभाईंच्या हातातून घेतली आणि सरांपुढे धरली. "सर, तुम्ही फिरवा."

"मी? अहो, माझ्या हातून एक गेली आहे."

"म्हणूनच. तुम्ही घाई करणार नाही."

सरांनी पेन्सिल घेतली.  पहिल्या वेढ्याला त्यांनी श्वास रोखला. दहाव्या वेढ्याला सोडला. तीन ठिकाणी फीत अडली. तिन्ही ठिकाणी ते थांबले, इकबालभाईंनी ब्रशचं टोक लावलं आणि फीत सुटली. मधे शेवंताबाईंनी चहा आणला. तो सरांनी घेतला नाही. कपाळावरचा घाम तेवढा पुसू दिला.

दुपारी कॅसेट मशीनमध्ये गेली. इकबालभाईंनी आवाज उतरवून घ्यायची वायर जोडली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक मोकळा, जरासा घोगरा आवाज खोलीत आला. "हॅलो... हॅलो... बाई, जरा जवळ येवा. हां, असां."

शेवंताबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

आणि मग सुभद्राबाईंनी सूर लावला. वय झालेलं होतं, आवाज थकलेला होता, पण सूर जागच्या जागी होता. भैरवी अकरा मिनिटं चालली. एकही अक्षर तुटलं नाही. सरांनी मान खाली घातली होती आणि त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता. शेवटच्या समेला तिघांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं.

इकबालभाई मशीन बंद करायला वाकले. फीत अजून फिरत होती. जत्रेतल्या टाळ्या ओसरल्या. माइक बंद करायचा राहून गेला असावा. कारण मागून पुन्हा तोच आवाज आला, या वेळी लांबून आणि घाईत.

"शेवंता, पानां मांड गो! बाईंका भूक लागली."

शेवंताबाई दचकल्या. मग खळखळून हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत होत्या.

"मांडतंय, मांडतंय!" त्यांनी मशीनला उत्तर दिलं. पदर खोचला आणि त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने तीन पानं मांडली गेली. गरम भात आला, माशाची आमटी आली, उपासनीसरांसाठी वेगळी डाळ आली.

"डाळ कशाला?" सर म्हणाले. "मी मासे खातो. कोणाला सांगत नाही, एवढंच."

"बघा! आणखी एक बाहेर पडलं!" इकबालभाई ओरडले आणि त्यांना ठसका लागला.

तोवर भैरवी ग्रुपवर जाऊन पोचली होती. फोन सारखा वाजत होता. नागपूर, अमरावती, सगळं गाव एकाच वेळी बोलत होतं. पण तो उचलायला तिघांपैकी कोणाचाच हात रिकामा नव्हता.

तात्पर्य: आपलं शहाणपण ऐकून लोक मान देतात, पण आपली चूक ऐकून ते ठेचेपासून वाचतात. जो दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी आपली फजिती उघड करतो, त्याचाच सल्ला खरा.