कासाराच्या घरातले डबे

डोंगरापलीकडच्या एका गावात एक कासार राहत असे. माणूस कष्टाळू, जिभेचा गोड. बांगड्या भरताना कुणाच्या हाताला त्याने कधी ओरखडा येऊ दिला नाही. खोड एकच. ज्या गावचा बाजार करायचा, तिथून घरासाठी काहीतरी घेऊन यायचे आणि पुडी बायकोच्या हातात देताना म्हणायचे, "घरात कधी काही नसतंच."

बायकोला या वाक्याचा मनस्वी वीट आला होता. फळीवर डब्याला डबा लागला होता, नवा डबा ठेवायला बोटभर जागा नव्हती, आणि तरी म्हणे घरात काही नाही! डब्याचे झाकण उघडून बघायची या गृहस्थाला सवयच नव्हती. तिने सांगून पाहिले, रागावून पाहिले, एकदा दोन दिवस अबोलाही धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. गरोदर बाईला गोडधोड द्यायचे ही गावाची रीत, म्हणून आईने शिरा केला, खीर केली, लाडू वळले. लेक तुपाच्या वासानेच तोंड फिरवी. तीन दिवस तिच्या पोटात पाण्यावाचून काही ठरले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सुईण आली. तिने लेकीला नीट तपासले आणि आईबापांना बाजूला घेऊन सांगितले, "आज दिवस मावळायच्या आत हिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. नाहीतर हिचंही काही खरं नाही आणि बाळाचंही."

कासाराचे तोंड उतरले. त्याने घाईघाईने वहाणा चढवल्या. "घरात आहेच काय तिला द्यायला? मोठ्या बाजारातून बदाम, खारीक घेऊन येतो."

"अहो, आधी फळीवर बघा तरी," बायको म्हणाली. पण तो अंगणाबाहेर पडलाही होता. तिथूनच त्याने बजावले की लोणच्याच्या बरणीत तळाला नुसता खार उरलाय, तो फेकून बरणी धुऊन ठेव, मी नवे लोणचे आणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अशाच कुणावरून पडली असणार.

बायकोने कपाळाला हात लावला. लेक आत निपचित पडलेली, आणि या माणसाला बरणी धुवायचे सुचत होते. रागारागाने तिने बरणीच्या तोंडाचे फडके ओढून काढले. मोहरीचा आणि हिंगाचा आंबट-तिखट वास घरभर पसरला.

"आई, कसला वास गं तो?" आतून बारीक आवाज आला. "मला दे ना थोडं."

तीन दिवसांत लेकीने पहिल्यांदा काही मागितले होते. आणि तीन दिवसांत तुला काय खावेसे वाटते, हे आपणही तिला विचारले नाही, हे आईच्या तेव्हा लक्षात आले. तिला स्वतःचाही राग आला. नवऱ्याला झाकणांवरून बोलणारी ती, पण तिनेही तीन दिवस रव्याच्या डब्यापलीकडे हात घातला नव्हता.

मग तिने एकेक झाकण उघडायला सुरुवात केली. दळण चाळून उरलेल्या ज्वारीच्या कण्या कोंबड्यांसाठी ठेवल्या होत्या, त्या तिने धुऊन मऊ शिजवल्या. निवल्यावर त्यांत कालचे आंबट ताक घातले. वर चमचाभर खार सोडला. डब्याच्या तळाशी पापडाचे तुकडे होते, तेही भाजून चुरले. हे कुठल्या रीतीत बसते, हे विचारायला तिला सवड नव्हती.

लेकीने एक घास घेतला. आई बघत राहिली. दुसरा घास गेला, तिसरा गेला, वाटी रिकामी झाली. मग तिने आणखी मागितले, तेही पोटात ठरले आणि ती शांत झोपली. दुपारी सुईण आली तेव्हा आई चुलीपाशी बसून रडत होती, पण ते रडणे वेगळे होते.

दिवस मावळल्यावर कासार धापा टाकत परतला. लेक जेवली हे ऐकून तो चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "मलाही काहीतरी वाढ. सकाळपासून उपाशी आहे."

"घरात काही नाही," बायको म्हणाली. "खात्री नसेल तर बघा झाकणं उघडून."

तो उठला. पहिल्या डब्यात बदामांची पुडी निघाली. दुसऱ्यात खारकांच्या दोन पुड्या, तिसऱ्यात पुन्हा बदाम. सगळ्या बांगड्या ओवायच्या लाल दोऱ्याने बांधलेल्या. गाठी त्याच्याच हातच्या होत्या, एकही सुटलेली नव्हती.

"तुमच्या बदामांची वाट बघत ती बसली असती, तर आता तुम्ही कुणाला भरवलं असतं?" बायकोने विचारले.

कासाराने हातातली नवी पुडी गुपचूप खाली ठेवली, चुलीवर आधण चढवले आणि उरलेल्या कण्या स्वतः शिजवल्या. मीठ जास्त पडले. तरीही त्याने त्या निमूट संपवल्या.

पुढच्या बाजाराला निघण्याआधी त्याने फळीवरचे सगळे डबे उघडून पाहिले; रिकामा निघाला तो फक्त मिठाचा. त्या दिवशी त्याने बाजारातून फक्त मीठ आणले.

तात्पर्य: घरात काही नाही असे म्हणण्याआधी डब्याचे झाकण उघडावे, आणि चूल पेटवण्याआधी खाणाऱ्याला विचारावे.