टिल्लू मावळ्याचे डोळे

एका अंगणात हौसाकाकू मावळे रंगवायची. मातीचे मावळे. दिवाळीच्या किल्ल्यावर उभे राहणारे.

मावळे किती? ही एवढी मोठी रांग! अंगणभर.

आधी सगळ्यांचे फेटे लाल. मग सगळ्यांचे अंगरखे पिवळे. मग सगळ्यांच्या मिशा काळ्या. आणि डोळे? डोळे सगळ्यात शेवटी.

"रांग सोडू नका रे बाळांनो," काकू म्हणाली. "डोळे आल्याशिवाय कुठ्ठे जायचं नाही."

रांगेच्या टोकाला होता टिल्लू. सगळ्यात बुटका.

झाडावर चिमणी बोलली, चिव चिव!

"जरा जवळून ऐकतो नि येतो," टिल्लू म्हणाला. आणि निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

डोळे नसताना कुणी जातं का असं? पण गेला बाई!

परत आला, तर सगळे ओरडत होते, "दिसलं! आम्हाला दिसलं!"

"काकू, माझे डोळे?"

"अगं बाई! होतास कुठे तू? काळा रंग संपला रे. वाटीसुद्धा खरवडून झाली. उंबऱ्यावर पणती आहे. तिच्याकडून काजळ आण, मी डोळे काढते. पण लवकर ये हं. केरबाभाऊ सायकल घेऊन आलेत. टोपली बाजाराला निघेल."

टिल्लूचं तोंड एवढंसं झालं.

"उगाच मी रांग सोडली!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू गेला पणतीकडे.

"पणतीताई, पणतीताई,
काजळ काकूला,
काकू देईल डोळे मला!"

पणती म्हणाली, "तेल नाही, तर काजळ कुठलं? बैलमामाला सांग घाणा फिरवायला."

"उगाच मी रांग सोडली!"

घुंगुर घुंगुर! घुंगरं वाजली. टिल्लू तिकडे गेला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"बैलमामा, बैलमामा,
तेल पणतीला,
काजळ काकूला,
काकू देईल डोळे मला!"

बैल म्हणाला, "हंऽऽ! पोटात काही नाही, घाणा काय वाऱ्यावर फिरवू? गवत आण."

"उगाच मी रांग सोडली!"

सळसळ, सळसळ! गवत वाजलं. टिल्लू तिकडे गेला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"गवतभाऊ, गवतभाऊ,
गवत बैलाला,
तेल पणतीला,
काजळ काकूला,
काकू देईल डोळे मला!"

गवत म्हणालं, "वाळून काडी झालोय मी. मला कोण खाणार? पाटाला सांग पाणी सोडायला."

"उगाच मी रांग सोडली!"

टिप टिप, टिप टिप! पाट वाजला. टिल्लू तिकडे गेला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पाटोबा, पाटोबा,
पाणी गवताला,
गवत बैलाला,
तेल पणतीला,
काजळ काकूला,
काकू देईल डोळे मला!"

पाट म्हणाला, "कसं सोडू? माझ्या तोंडात ढेकूळ अडकलंय. त्याला म्हणावं, सरक."

"उगाच मी रांग सोडली!"

टुणुक टुणुक, धप्प! टिल्लू ढेकळावरच आपटला. लागलं का रे? नाही, नाही लागलं.

"ढेकळा, ढेकळा,
वाट पाटाला,
पाणी गवताला,
गवत बैलाला,
तेल पणतीला,
काजळ काकूला,
काकू देईल डोळे मला!"

ढेकूळ म्हणालं, "नाही सरकत जा! सगळी माती काकूकडे गेली. मी एकटाच मागे राहिलो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मीपण मागे राहिलो," टिल्लू रडत म्हणाला.

"तू कुठली माती रे?"

"तळ्याकाठची."

"अरे! मीपण तळ्याकाठचाच!"

"म्हणजे तू माझा दादा?"

दादा! असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. ढेकूळ आतून मऊ मऊ झालं. आणि सरकलं!

ढेकूळ सरकलं, गडगड गडगड.
पाट वाहिला, खळखळ खळखळ.
गवत हिरवं झालं, सळसळ सळसळ.
बैलाने खाल्लं, कुरुम कुरुम.
घाणा फिरला, कर्र कर्र.
तेल गळलं, टप टप.
पणती पेटली, लुक लुक.
काकूने काजळ धरलं. काडीच्या टोकाला लावलं.

हा एक डोळा. हा दुसरा डोळा!

टिल्लूला दिसलं. काकूचं तोंड दिसलं. अंगण दिसलं. अंगण रिकामं.

लांब रस्त्यावर सायकल दिसली. ट्रिंग ट्रिंग! टोपलीत लाल लाल फेटे. सायकल लहान झाली. अजून लहान झाली. दिसेनाशी झाली.

"काकू, माझी रांग गेली."

"गेली रे राजा. मीच केरबाभाऊंना थांबवायला हवं होतं. घाई घाईत राहून गेलं."

काकूने टिल्लूला मांडीवर घेतलं.

मग काकू उठली. नवे मावळे आणून उन्हात मांडले. ना फेटे, ना मिशा, ना डोळे.

"ह्यांच्याकडे बघशील का रे, टिल्लू? तुला आता दिसतंय."

टिल्लू पुढे उभा राहिला.

तेवढ्यात कुणीतरी बोललं, बेंऽ बेंऽ!

रांगेतला एक बारका हलला. टुणुक...

"ए बाळा, थांब!" टिल्लू म्हणाला. "शेळी आहे ती. पांढरी आहे. कान एवढे लांब. पाला खातेय. मी सांगतो ना तुला सगळं. तू रांगेतच थांब."

आणि बारका थांबला.