पिसांवर झेललेला दंश

आफ्रिकेतील एका विस्तीर्ण गवताळ प्रदेशात एकदा एक ज्ञानी वृद्ध राहत असे. त्याचा तरुण शिष्य बुद्धीने तल्लख होता, पण राग मात्र कायम नाकावर. त्याचे पाय काटक्यांसारखे बारीक होते आणि त्यांचे कोणी नाव काढले की स्वारी पेटलीच म्हणून समजा.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. गावाची गुरे ज्या तळ्यावर पाणी पीत, त्याला एका धनिक व्यापाऱ्याने काटेरी कुंपण घातले. तळे त्याच्याच जमिनीत होते. तेव्हा बोलणी करण्यावाचून मार्ग नव्हता. वृद्धाने शिष्याला पाठवले. संध्याकाळी तो लालबुंद होऊन परतला.

"काय म्हणाला व्यापारी?"

"म्हणाला, या काड्यांवर उभा राहून माझ्याशी वाद घालतोस? मग मीही सोडलं नाही, बाबा. त्याच्या सुटलेल्या पोटापासून सुरुवात केली आणि सात पिढ्यांचा उद्धार केला!"

"आणि पाण्याचं?"

पाण्याचा विषय निघालाच नव्हता. बाहेर तहानलेले वासरू हंबरत होते. शिष्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वृद्ध शिष्याला सोबत घेऊन स्वतः निघाला. निघताना त्याने पेटीतून एक भलीमोठी टोपी काढली. तिला कोंबड्याची पिसे खोचलेली होती आणि एक बाजू उंदरांनी कुरतडलेली होती. ती त्याने ऐटीत डोक्यावर चढवली.

"बाबा, ही घालून जाणार? तो हसेल तुम्हाला."

"हसू दे की," वृद्ध म्हणाला.

वाटेत गवतात त्यांना सेक्रेटरी पक्षी दिसला. तोंड गरुडाचे, पाय करकोच्याचे आणि डोक्यामागे कारकुनाने टाक खोचावेत तशी लांब पिसे. हा शिकारी पक्षी आकाशात घिरट्या घालत बसत नाही, दिवसभर पायी हिंडून भक्ष्य शोधतो. आज त्याच्यासमोर एक नाग फणा काढून उभा होता. पक्ष्याने पंख पसरून पुढे धरले. नाग चिडून पंखांवर तुटून पडला, पिसांनाच पुन्हा पुन्हा चावत राहिला. पक्षी मात्र लांब पायांनी नेमक्या डोक्यावर लाथा हाणत होता. थोड्याच वेळात नाग निपचित पडला.

वृद्ध पुढे चालू लागला.

व्यापारी दारातच बसला होता. टोपी पाहताच तो खो खो हसला. "म्हातारबा, कोंबडा डोक्यावर बसवून आणलात की काय?"

"बसवला खरा, पण अंडी काही देत नाही," वृद्ध म्हणाला. "शेठजी, गुरं पाण्याला कधी आणू?"

व्यापाऱ्याने टोपीला आणखी नावे ठेवली. वृद्ध प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर हसला आणि पुन्हा पाण्याचेच विचारत राहिला. हसून हसून व्यापारी दमला. मग डोळे पुसत म्हणाला, "अहो, पाण्याला ना कुठे आहे? पण तुमची गुरं सगळा काठ तुडवतात. गाळ होतो. माझ्या घरची माणसं प्यायची काय?"

"एवढंच ना? एका बाजूला दगडी उतार बांधून देतो. गुरं तिथूनच उतरतील."

"बांधा. उद्यापासून कुंपण उघडतो."

परतताना शिष्याला राहवेना. "बाबा, त्याने इतका अपमान केला आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

वृद्ध म्हणाला, "अपमान टोपीचा झाला, लेका. पिसांना रक्त नसतं, म्हणून पक्षी नागापुढे पिसं धरतो. तू काल छाती पुढे केलीस, मग दंश तिथेच बसणार. माणसाच्या मनातलं विष कुठेतरी उतरावंच लागतं. ते उतरलं, तेव्हा त्याची खरी अडचण बाहेर आली. तोवर आपण आपलं पाऊल कामावरून हलू द्यायचं नाही."



दुसऱ्या दिवशी सकाळी उतार बांधायला शिष्यालाच जायचे होते. व्यापारी दारात बसलेला असणार, हे दोघांनाही ठाऊक होते. वृद्धाने टोपी पुढे केली. "घेऊन जातोस?"

शिष्याने टोपीकडे पाहिले, मग खाली आपल्या काटक्यांसारख्या पायांकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पाहून खदखदून हसला.

"नको, बाबा," तो म्हणाला. "माझे पाय आहेत ना!"