सात गोलवाली कासवीणआजी

मुलांनो, नदीच्या अलीकडच्या काठावर बांबूचे दाट जंगल होते आणि त्यात एक म्हातारे अस्वल राहत असे. आता त्याचे गुडघे कुरकुरत आणि एका डोळ्याने नीट दिसतही नसे. पण तरुणपणी ते अलीकडच्या काठाच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते, तेही एक-दोन नव्हे, चांगली बारा वर्षे. वेलींचा विणलेला चेंडू कुठूनही येवो, अस्वलाच्या पोटावर आदळायचा आणि तिथेच विसावायचा.

नदीच्या मधोमध एक गवताळ बेट होते. दर उन्हाळ्यात तिथे अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ यांचा सामना होई. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आंबे खाऊ घालायचे, एवढीच शिक्षा. मात्र ज्या काठाचे अकरा खेळाडू मैदानात उभे राहणार नाहीत, त्याने पुन्हा कधी बेटावर पाय ठेवायचा नाही, हा नियम फार जुना होता. आणखी एक रीतही होती. सामन्याच्या आदल्या दिवशी गोलचे दोन नवे बांबू रोवले जात. त्यांच्या पायथ्याशी ओली माती थापायची आणि आजवरच्या सर्वांत चांगल्या गोलकीपरने तिच्यावर आपल्या पावलाचा ठसा उमटवायचा. तो ठसा असला की आपला गोल राखला जातो, असे सगळ्यांना मनापासून वाटे.

आता सर्वांत चांगला कोण, हे ठरवायला जांभळीखाली आठ-आठ दिवस वाद रंगत. त्यात पुढे असायचा कोल्हा. या गृहस्थाने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण झाडून सगळे सामने त्याला तोंडपाठ होते. सशाचा जीव होता माकडावर. माकड हवेतल्या हवेत दोन कोलांट्या घेऊन चेंडू झेलायचे. पण एकदा ते वरच्या दांडीला लटकून पलीकडचे पाडाचे आंबे न्याहाळत राहिले आणि चेंडू खालून निघून गेला, याची आठवण कोल्हा न चुकता करून देई. कावळा म्हणे, साळिंदरावर एकही गोल झाला नाही. ते खरेच होते. चेंडू त्याच्या काट्यांत एकदा रुतला की दिवस मावळेपर्यंत निघायचा नाही आणि सामना तिथेच संपायचा. "ही गोलकीपिंग नव्हे, जप्ती आहे," असे कोल्हा म्हणायचा. शेवटी गाडी अस्वलावर येई. पलीकडच्या रानडुकराचा फटका त्याने नाकावर अडवला होता आणि ते नाक अजूनही वाकडेच होते. तिथे सगळ्यांचे एकमत होई.

वाद मिटला, की उठता उठता कोणीतरी हमखास विचारी, "आणि आपल्या सात गोलवाल्या आजी?" मग सगळे हसून लोळत. ती कासवीणआजी जन्मात एकच सामना खेळली होती आणि त्यात तिच्यावर सात गोल झाले होते. ती तिथेच, जांभळीच्या मुळाशी बसलेली असे. हसू फुटले की हळूच मान आत घेई, ओसरले की पुन्हा बाहेर काढी. तरीही एक संध्याकाळ चुकवायची नाही, कारण फुटबॉलच्या गप्पा तिला फार आवडत. फक्त अस्वल हसत नसे. ते आपल्या नखांकडे बघत बसे.

या वर्षीही ठशाचा मान अस्वलालाच मिळाला. पण त्याच संध्याकाळी सशाने सांगितले, की सामना झाल्यावर आजी खालच्या डोहाकडे, लेकीकडे राहायला जाणार. आता तिच्याने एवढे चालवत नव्हते. म्हणजे पुढच्या वर्षी ती जांभळीखाली नसणार. हे ऐकल्यापासून अस्वलाला घास जाईना. जाताना आजी सोबत काय घेऊन जाणार, तर ते हसणे, हाच विचार ते रात्रभर करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे बेटावर जमले. बांबू रोवले, माती थापली. अस्वलाने पंजा उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

"आजीच्या त्या सामन्याला गोलमध्ये मी उभा राहणार होतो," ते म्हणाले. "माझा पहिलाच सामना होता. रानडुकराने सरावात फटका मारून खांब मोडलेला मी पाहिला आणि माझा धीर सुटला. मधमाश्या चावल्या असा निरोप धाडला आणि गोलमागच्या करवंदीच्या जाळीत लपून बसलो."

अस्वलाने मग जाळीतून पाहिलेले आणि सात गोलांच्या हशात बाकीचे विसरून गेलेले सगळेच सांगून टाकले. मैदानात दहाच खेळाडू होते. पंच बगळ्याने दहा अंक मोजायला सुरुवात केली. एकाही धट्ट्याकट्ट्या गड्याला पुढे व्हायचे सुचले नाही. गोलच्या मागे नुसती सामना बघायला बसलेली कासवीण मात्र उठली आणि तुरुतुरु, म्हणजे तिच्या मानाने तुरुतुरु, नवव्या अंकाला गोलमध्ये पोहोचली.

"सात गोल झाले खरे," अस्वल म्हणाले, "पण ती उभी राहिली नसती, तर हे बेट आपलं राहिलं नसतं. मग मी गोलकीपर कुठला झालो असतो, आणि तुम्ही कोणावरून वाद घातला असता?"

एवढे बोलून त्याने मान खाली घातली. बारा वर्षांचे नाव आता मातीला मिळणार, हे त्याने मनाशी धरूनच ठेवले होते. तेवढ्यात गवतातून बारीक आवाज आला.

"मला ठाऊक होतं रे," कासवीणआजी म्हणाली. "तुझा मागचा पाय जाळीबाहेर राहिला होता."

अस्वलाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "मग आजी, इतकी वर्षं हसू सोसलंस, बोलली का नाहीस?"

"पोर होतास. तेव्हा बोलले असते, तर पुन्हा कधी गोलमध्ये उभा राहिला असतास का? मग आपल्या काठाला बारा वर्षं गोलकीपर कुठून मिळाला असता? आणि मी तरी कुठली धीट. सगळा सामना मान आत घालून काढला. ते सात गोल मी पाहिलेसुद्धा नाहीत."

अस्वल रडले. एवढा मोठा जीव सगळ्यांदेखत रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. मग त्याने आजीला दोन्ही पंजांत अलगद उचलले आणि तिचे इवलेसे पाऊल ओल्या मातीत टेकवले. रीत मोडली म्हणून तक्रार करायला कोल्हा पुढे सरसावला खरा, पण तसाच परत जाऊन गवतात बसला.

"आता दुसऱ्या खांबापाशी तुझा पंजा ठेव," आजी म्हणाली. अस्वल मागे सरू लागले, तेव्हा तिने दटावले, "पळालास एकदा आणि उभा राहिलास बारा वर्षं. ठेव पंजा."

त्या वर्षी पहिल्यांदाच दोन खांबांपाशी दोन वेगवेगळे ठसे उमटले. सामना कोणी जिंकला म्हणाल, तर पलीकडच्या काठाने, दोन विरुद्ध एक. आंबे द्यावे लागले. त्यातला एक पिकलेला आंबा पलीकडच्यांनीच आजीला दिला. तो खाऊन ती डोहाकडे निघाली आणि अस्वल पाणंदीच्या टोकापर्यंत तिला पोहोचवून आले.

पुढच्या उन्हाळ्यात जांभळीखाली पुन्हा वाद रंगला. माकड झाले, साळिंदर झाले, अस्वलाचे वाकडे नाक झाले. उठता उठता एका नवख्या खारीने विचारले, "आणि त्या सात गोलवाल्या आजी?" कोणी हसले नाही. कोल्ह्याने तिला खाली बसवले, घसा खाकरला आणि म्हणाला, "नीट ऐक. बगळ्याने मोजायला सुरुवात केली होती..."

तात्पर्य : हरलेल्याला हसण्याआधी, कोणीच पुढे येत नव्हते तेव्हा उभे कोण राहिले होते, एवढे विचारून घ्यावे.