सोपान कलाभवनात जातो

चिंचोडी गावात सोपान नावाचा एक माणूस होता. भोळा. किती भोळा? दुधाकडे लक्ष ठेवा म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत एकटक लक्ष ठेवायचा.

त्याची बायको चांगुणा ओव्या फार गोड म्हणायची. गावात नवं कलाभवन झालं आणि रविवारी तिथं तिचं गाणं ठरलं. चांगुणाला धास्ती वाटायला लागली. गाण्याची नव्हे हो, नवऱ्याची! तिची जाऊ शेवंता उठता-बसता म्हणायची, "तुझा नवरा खुळा." त्या दिवशी तरी ह्यांनी चारचौघांत लाज राखावी, एवढंच चांगुणाला हवं होतं.

ती म्हणाली, "अहो, आधी एकदा कलाभवन बघून या. तिथं कसं वागतात ते शिकून घ्या."

सोपान गेला. भिंतीवर आंब्यांचं चित्र होतं, रंग अजून ओला. सोपाननं एकेक आंबा दाबून पाहिला. पिकलाय की नाही, कळायला नको?

त्याची पिवळी बोटं बघून चांगुणा म्हणाली, "अगं बाई! हात नाही लावायचा. हाताची घडी घालून लांबून बघायचं."

"असं होय! आता नाही चुकायचो."

तो पुन्हा गेला. आत कुंभारदादा मडकी करायला शिकवत होते. कच्च्या मडक्यांची फळी कलंडली. कुंभारदादा ओरडले, "सोपानराव, धरा, धरा!"

सोपाननं हाताची घडी घातली, मागे सरकला आणि बघत राहिला. सगळी मडकी बदाबद खाली!

"लांबून झकास दिसलं," त्यानं घरी येऊन सांगितलं.

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, कुणी हाक मारली तर धावून जायचं! विचार करत बसायचं नाही!"

"असं होय! आता नाही चुकायचो."

तिसऱ्यांदा गेला, तर नाटकाची तालीम चाललेली. राक्षसानं राजकन्येला धरलं. राजकन्या ओरडली, "वाचवा हो, वाचवा!"

सोपाननं स्टेजवर उडी घेतली, राक्षसाला लोळवलं आणि उपरण्यानं खांबाला बांधून टाकलं. राक्षस शाळेचे हेडमास्तर होते. बिचारे खूप सांगत होते, पण ऐकतो कोण?

चांगुणा रडकुंडीला आली. "अहो, स्टेजवरचं सगळं खोटं असतं! एक अक्षरही खरं मानायचं नाही. कळलं?"

"कळलं. पक्कं!"

रविवार उजाडला. कलाभवन गच्च भरलं. शेवंता पहिल्याच रांगेत. सोपान शहाण्यासारखा बसला. कशाला हात लावला नाही, कुणाला बांधलं नाही. चांगुणाला धीर आला. तिनं जावेकडे बघत गळा मोकळा सोडला:

"गावोगाव शोधला गं, असा मिळंना देखणा,
माझ्या कपाळीचं कुंकू, माझा सोपान शहाणा!"

लोक माना डोलवायला लागले. शेवंतासुद्धा डोलली. सोपाननं आजूबाजूला पाहिलं. अरे देवा, ह्या भोळ्या लोकांना खरं वाटतंय की! त्याला फार कीव आली. तो खुर्चीवर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"मंडळी, फसू नका! खोटं आहे हे! ह्यातलं एक अक्षरही खरं नाही!"

कलाभवन हसून हसून लोळायला लागलं. चांगुणा स्टेजवरून कळवळून ओरडली, "अहो, खाली बसा! हात जोडते तुम्हाला!"

सोपान लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, बघा! हेपण खोटं!"